निर्जंतुक उंदरांची साक्ष

३ ऑक्टोबर १९१० रोजी कॅनडातल्या माँट्रिऑल शहरात, मॅकगिल विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेसमोर लंडनच्या डॉ. विल्यम हंटर यांचं व्याख्यान झालं. हंटर दंतवैद्य नव्हते. ते फिजिशियन होते आणि जीवघेणा रक्तक्षय हा त्यांच्या खास अभ्यासाचा विषय होता. पांढरेफटक पडलेले, दिवसेंदिवस खंगत चाललेले रुग्ण तपासताना त्यांची नजर सारखी तोंडाकडे जाई. किडक्या मुळांवर चढवलेल्या सोन्याच्या टोप्या, टोप्यांना जोडणारे ब्रिज आणि त्यांच्या कडेनं सुजलेल्या, पू येणाऱ्या हिरड्या असं ते दृश्य असे. पैसेवाल्यांच्या तोंडातलं हे महागडं काम म्हणजे कुजलेल्या मुळांवर बांधलेलं सोन्याचं थडगं आहे, आणि तिथला संसर्ग सगळं शरीर पोखरतो, अशा अर्थाचं ते बोलले. हेच मत त्यांनी १९०० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं होतं, पण तेव्हा त्याचा एवढा बोलबाला झाला नव्हता. या वेळी मात्र वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ते शिरोधार्य मानलं.

पुढची तीस-चाळीस वर्षं अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये दात उपटण्याची जी लाट उसळली, तिचा उगम बहुतेक इतिहासकार या व्याख्यानात पाहतात. सांधे दुखतात? दात काढा. डोकेदुखी जात नाही, मूत्रपिंड बिघडलंय, मन थाऱ्यावर नाही? दात काढा. यात सगळ्यात जास्त बळी गेले ते नस मेलेले किंवा मुळात औषध भरलेले दात.

हंटर यांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं. तोंडातले जंतू दाताच्या मुळापर्यंत पोचतात आणि तिथे पू होतो, हे खरंच आहे. पण जंतू तिथे सापडणं ही एक गोष्ट, त्यांनीच तो रोग घडवणं ही दुसरी आणि त्यावर दात उपटणं हाच उपाय असणं ही तिसरी. या तिन्ही गोष्टी एकाच दमात मानल्या गेल्या आणि त्यांची उकल व्हायला अर्धं शतक गेलं.

जंतू दिसले त्याला तर तेव्हा सव्वादोनशे वर्षं उलटून गेली होती. हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापड-व्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहूक यानं १७ सप्टेंबर १६८३ च्या पत्रात लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं, की आपल्या दातांच्या फटीतला पांढरा थर पाण्यात कालवून भिंगाखाली धरला तर त्यात असंख्य चिमुकले जीव सुळसुळताना दिसतात. हा माणूस रोज मिठानं दात घासणारा होता, तरी ही स्थिती. पुढे १६९७ मध्ये त्यानं एका उपटलेल्या किडक्या दाढेची पोकळ मुळं उकरली. आतला मऊ लगदा स्वच्छ पावसाच्या पाण्यात मिसळून पाहिला, तर तोही जिवंत होता. म्हणजे मुळाच्या नळीतले जंतू माणसाच्या नजरेला पडून तीनशेहून अधिक वर्षं झाली आहेत. पण लेव्हेनहूकनं त्यांचा आणि रोगाचा संबंध जोडला नाही. तो काळच त्या प्रश्नाचा नव्हता.

प्रश्न नीट विचारला तो विलोबी मिलर या अमेरिकन माणसानं, बर्लिनमध्ये बसून. ओहायो राज्यातल्या अलेक्झांड्रिया गावी १८५३ मध्ये जन्मलेला मिलर मिशिगन विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्र शिकला आणि पुढच्या शिक्षणासाठी युरोपात आला. तिथे पैशांची ओढाताण सुरू झाली. बर्लिनमध्ये दातांचा दवाखाना चालवणाऱ्या फ्रँक अ‍ॅबट या अमेरिकन गृहस्थांनी त्याला आधार दिला आणि पुढे तो त्यांचा जावईही झाला. सासऱ्यांच्या व्यवसायानं त्याचीही वाट बदलली. फिलाडेल्फियाहून दंतवैद्यकाची पदवी घेऊन तो १८७९ नंतर पुन्हा बर्लिनला आला. त्या शहरात तेव्हा रॉबर्ट कॉख जंतुशास्त्राचा पाया घालत होते. मिलर त्यांच्या प्रयोगशाळेत शिकला आणि ती हत्यारं त्यानं तोंडाकडे वळवली.

त्याची कामाची रीत साधी आणि पक्की होती. काढलेले दात तो लाळ आणि पाव यांच्या मिश्रणात शरीराच्या तापमानाला ठेवी. काही दिवसांनी दात मऊ पडत, कारण जंतू पावातल्या पिठुळाचं आम्ल करत आणि ते आम्ल दातातला चुना विरघळवी. तीच लाळ उकळून वापरली तर दाताला काही होत नसे. कीड लागते ती अशी, हे त्यानं सिद्ध केलं. दाताच्या किडीचं खापर एखाद्या अळीवर फोडण्याची समजूत बाबिलोनपासून जगभर होती, आणि आपल्या सुश्रुतसंहितेतही कृमिदंतक हा दंतरोगांतला एक प्रकार आहे. मिलरच्या परीक्षानळीनं त्या अळीची जागा डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांना दिली.

त्याचा १८९० चा इंग्रजी ग्रंथ तोंडातल्या जंतूंवरचा पायाभूत ग्रंथ मानला जातो. पण आपल्या विषयाला जास्त जवळचा आहे तो १८९४ चा त्याचा लेख. त्यात त्यानं मेलेल्या, कुजलेल्या नसेतले जंतू तपासले होते. नळीच्या वरच्या भागात एका तऱ्हेचे जंतू दिसतात आणि खाली मुळाच्या टोकाकडे दुसऱ्या तऱ्हेचे, हे त्यानं नोंदवलं. आणखी एक गोष्ट त्यानं लिहून ठेवली: सूक्ष्मदर्शकाखाली जे जंतू ढीगभर दिसतात, त्यांतले काही प्रयोगशाळेत कशावरही वाढत नाहीत. हे कोडं तब्बल ऐंशी वर्षं सुटायचं राहिलं.

इथे दाताच्या आत काय असतं ते पाहायला हवं, नाहीतर पुढचा गोंधळ उलगडणार नाही. बाहेरच्या कठीण इनॅमलखाली डेंटीन असतं आणि त्याच्या पोटात गर, ज्याला आपण सर्रास ‘नस’ म्हणतो. त्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि जिवंत पेशी असतात. डेंटीन घट्ट दिसलं तरी त्यात अतिसूक्ष्म नळ्यांचं जाळं असतं. गराजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये अशा ४५ हजारांच्या आसपास नळ्या असतात आणि त्यांची रुंदी जंतूला आत शिरायला पुरेशी असते. म्हणून कीड गरापर्यंत भोक पाडण्याआधीच तिची झळ आत पोचते. गराला सूज आली की पसरायला जागा नाही, चारी बाजूंनी कठीण भिंती आणि रक्ताची ये-जा मुळाच्या टोकाच्या केसाएवढ्या छिद्रातून. रात्री-बेरात्री ठणका लागतो तो यामुळे.

मग एके दिवशी ठणका थांबतो आणि माणूस सुटकेचा श्वास टाकतो. खरं तर नस मेलेली असते. आता त्या पोकळीत रक्त पोचत नाही, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशीही पोचत नाहीत आणि पोटात घेतलेलं औषधही पोचत नाही. मेलेल्या उतींवर जंतू निवांत वाढतात. त्यांची विषं मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात झिरपतात, तेव्हा शरीर तिथे आपली फळी उभारतं. या फळीला जागा करून देण्यासाठी शरीर स्वतःच तिथलं हाड विरघळवतं. क्ष-किरणाच्या फिल्मवर मुळाच्या टोकाशी जी काळी सावली दिसते, ती या लढाईची जागा असते.

ही सावली दिसू लागली आणि घोटाळा सुरू झाला. राँटगेन यांना क्ष-किरण सापडले नोव्हेंबर १८९५ मध्ये. दोनच महिन्यांत जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या ऑटो वॉल्कहॉफ यांनी तोंडात काचेची तकती धरून आणि २५ मिनिटं निश्चल राहून स्वतःच्या दाढांचं चित्र घेतलं. पुढे यंत्रं सुधारली, दवाखान्यांत आली आणि आजवर न दिसणारी सावली कुणालाही दाखवता येऊ लागली. हंटर यांच्या शब्दांना चित्राचा पुरावा मिळाला.

शिकागोचे मान्यवर वैद्य फ्रँक बिलिंग्ज यांनी ‘फोकल इन्फेक्शन’ हा सिद्धांत मांडला. शरीरात कुठेतरी एक लपलेलं केंद्र असतं, तिथून जंतू निघतात आणि दूरच्या अवयवात रोग उभा करतात, असं त्याचं सार. त्यांचे शिष्य एडवर्ड रोझेनाउ दातांच्या मुळांतून काढलेले जंतू सशांना टोचत, आणि ज्या अवयवाच्या रुग्णाकडून जंतू घेतले तोच अवयव सशात बिघडतो असं सांगत. सशांना टोचलेले डोस अवाजवी मोठे होते आणि इतरांना तेच निकाल मिळत नव्हते, पण हे आक्षेप बळावेपर्यंत सिद्धांत पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला होता. क्लीव्हलँडच्या वेस्टन प्राइस यांनी १९२३ मध्ये याच धर्तीचे दोन जाडजूड खंड काढले. काढलेले दात सशांच्या कातडीखाली पुरायचे आणि ससे मेले की निष्कर्ष काढायचा, असे त्यातले प्रयोग होते.

याची टोकाची परिणती न्यू जर्सीमधल्या ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयात दिसली. तिथले अधीक्षक हेन्री कॉटन यांची ठाम खात्री होती, की वेडाचं मूळ जंतुसंसर्गात आहे. त्यांच्या कारकिर्दीत तिथल्या रुग्णांचे ११ हजारांहून अधिक दात उपटले गेले. तेवढ्यानं भागलं नाही की टॉन्सिल, मग मोठं आतडं. आतड्याच्या शस्त्रक्रियांत मरणाऱ्यांचं प्रमाण, त्यांच्याच आकड्यांनुसार, शेकडा तीसच्या घरात होतं. या रुग्णांतल्या कित्येकांना ‘नको’ म्हणण्याची सोयही नव्हती. कॉटन ढोंगी नव्हते, त्यांनी स्वतःच्या मुलांचेही दात काढवले होते. मला हा भाग सगळ्यात भयंकर वाटतो, कारण सद्‌हेतू असलेल्या माणसाला कुणी थांबवत नाही. न्यूयॉर्कमध्ये निकोलस कोपेलॉफ आणि सहकाऱ्यांनी १९२२-२३ च्या सुमारास सारख्याच स्थितीतल्या रुग्णांचे दोन गट केले. एकाचे दात-टॉन्सिल काढले, दुसऱ्याचे ठेवले. दोन्ही गटांत फरक पडला नाही. तरी ट्रेंटनमध्ये काम चालूच राहिलं.

दंतवैद्यांत विरोध करणारे नव्हते असं नाही. न्यू ऑर्लीन्सचे एडमंड केल्स हे दातांच्या क्ष-किरणांचे अमेरिकेतले आद्य प्रवर्तक. त्या किरणांनीच पुढे त्यांची बोटं, मग हात खाल्ला. या माणसानं १९२० मध्ये उघडपणे सांगितलं, की क्ष-किरणाच्या नुसत्या चित्रावर चाललेली ही दात-उपटी हा या काळातला गुन्हा आहे. आणि मिलर? तोंड हे संसर्गाचं केंद्र ठरू शकतं असं त्यानं १८९१ मध्येच लिहिलं होतं, पण त्याचा सल्ला दात उपटण्याचा नव्हता, नळ्या स्वच्छ करून भरण्याचा होता. तो १९०७ मध्ये मिशिगनच्या दंत महाविद्यालयाचा प्रमुख होण्यासाठी मायदेशी परतला आणि त्याच उन्हाळ्यात अपेंडिक्सच्या दुखण्यानं गेला. वय अवघं ५३. हंटर मॅकगिलला बोलले तेव्हा तो हयात असता तर, असं मनात येतं.

लाट ओसरली ती हळूहळू. लंडनमध्ये विल्फ्रेड फिश आणि मॅकलीन यांनी १९३६ मध्ये एक नेमकी गोष्ट दाखवली. उपटलेल्या दाताच्या मुळावर जंतू मिळतात, म्हणून तिथे संसर्ग होता असं मानलं जाई. या दोघांनी दात उपटण्याआधी हिरडीची कड डाग देऊन जाळली आणि मगच दात काढला. आता मुळाचं टोक निर्जंतुक निघालं. म्हणजे दात हलवून उपटताना हिरडीच्या कडेचे जंतू खाली ढकलले जात होते आणि तेच पुरावा म्हणून मोजले जात होते. दोन वर्षांनी रसेल सेसिल आणि अँजेव्हाइन यांनी संधिवाताच्या २०० रुग्णांचा आढावा घेतला. त्यांतल्या ५२ जणांचे दात काढले होते, ४७ जणांना काहीही गुण आला नव्हता. सेसिल आधी याच सिद्धांताचे पुरस्कर्ते होते, तरी त्यांनी हे आकडे मांडले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचं लक्षण. १९४३ मध्ये शिकागोत मुळावर उपचार करणाऱ्या दंतवैद्यांनी आपली संघटना बांधली.

पण आता लंबक दुसरीकडे झुकला. सगळ्याचं खापर जंतूंवर फोडणं चुकलं, मग मुळाशी गळू होतं तरी कशामुळे? मेलेल्या नसेतलं विष, साचलेला द्रव, अडकलेलं अन्न, मार लागणं, यांची नावं घेतली जात. जंतू कारण आहेत की नंतर आलेले पाहुणे, हे सांगता येत नव्हतं. कारण तोंडातून जंतू वजा करणं कुणालाही शक्य नव्हतं.

ते शक्य झालं एका वेगळ्याच कामातून. इंडियानातल्या नोत्र दाम विद्यापीठात जेम्स रेनियर्स यांनी संपूर्ण निर्जंतुक प्राणी वाढवण्याची विद्या विकसित केली होती. पिल्लू शस्त्रक्रियेनं, जंतूंचा स्पर्श होऊ न देता बाहेर काढायचं, बंद पेटीत ठेवायचं, गाळलेली हवा, निर्जंतुक खाणं, आणि पेटीला बसवलेल्या रबरी हातमोज्यांतून सगळी हाताळणी. १९५४ मध्ये फ्रँक ऑर्लंड आणि सहकाऱ्यांनी अशा उंदरांना भरपूर साखर खाऊ घातली, दातांना कीड लागली नाही.

वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय दंत संशोधन संस्थेतले शोझो काकेहाशी, हॅरोल्ड स्टॅन्ली आणि रॉबर्ट फिट्झगेराल्ड यांनी हीच पेटी मुळांच्या प्रश्नासाठी वापरली. त्यांचा लेख सप्टेंबर १९६५ मध्ये छापून आला. २१ निर्जंतुक उंदीर, १५ साधे उंदीर. प्रत्येकाला भूल देऊन वरच्या पहिल्या दाढेला बारीक ड्रिलनं थेट गरापर्यंत भोक पाडलं आणि ते तसंच उघडं ठेवलं. ना औषध, ना भरण. उंदीर खात-पीत राहिले, भोकात अन्न आणि केस जाऊन बसले, दोन्ही गटांत. मग पहिल्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत टप्प्याटप्प्यानं जबडे कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले.

साध्या उंदरांत आठव्या दिवसापर्यंत जिवंत गर फक्त मुळाच्या खालच्या अर्ध्या भागात उरला होता. नंतरच्या सगळ्यांत नस पूर्ण मेलेली, मुळाच्या टोकाशी गाठी, गळवं. निर्जंतुक उंदरांत मात्र गर जिवंत. चौदाव्या दिवशी जखमेवर नवं डेंटीन धरू लागलं होतं, आणि एकविसाव्या ते अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत भोकाखाली त्याचा पक्का पूल बांधून झाला होता. वर अन्न ठासून भरलेलं असताना! जखम तीच, घाण तीच, प्राणीही तोच. फरक फक्त जंतूंचा. मिलरच्या लेखानंतर ७१ वर्षांनी ‘सापडतात’ आणि ‘घडवतात’ यांमधलं अंतर या छोट्या प्रयोगानं मिटवलं. दंतवैद्यकात इतका नितळ प्रयोग मला दुसरा आठवत नाही.

उंदरांचं झालं, माणसांचं काय? उत्तर स्वीडनच्या उमिओ विद्यापीठातल्या गोरान सुंडक्विस्ट यांच्या १९७६ च्या प्रबंधात आहे. त्यांनी ३२ असे दात निवडले, ज्यांची नस अपघाती मारानं मेली होती, पण ज्यांना कीड नव्हती आणि वरून भोकही नव्हतं. १९ दातांच्या मुळाशी हाड झिजलं होतं, १३ दातांच्या मुळाशी काही नव्हतं. झिजलेल्या १९ पैकी १८ दातांत जंतू निघाले, मुळाशी काही नसलेले १३ दात निर्जंतुक होते. नुसती मेलेली नस गळू करत नाही, ती वर्षानुवर्षं निरुपद्रवी पडून राहू शकते. शिवाय मिळालेल्या जंतूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक विनाऑक्सिजन जगणारे होते, हवा लागली की मरणारे. मिलरच्या बशीत ते का वाढले नाहीत, त्याचा उलगडा इथे झाला. तोंडात जंतूंच्या शेकडो जाती असतात, पण मुळाच्या अंधाऱ्या, हवाबंद टोकाशी त्यांतल्या काहीच तगतात. वर आणि खाली वेगळे जंतू दिसतात हे मिलरचं निरीक्षण तंतोतंत बरोबर होतं. गॉटनबर्गच्या ऑके मोलर यांनी १९८१ मध्ये माकडांच्या दातांवर हेच पुन्हा पडताळलं. नस मारून नळी निर्जंतुक ठेवली तर मुळाशी सूज नाही, लाळेतले जंतू आत सोडले तर सूज.

१९८७ मध्ये झुरिकला काम करणाऱ्या पी. एन. रामचंद्रन नायर या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञानं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून या वस्तीची चित्रं काढली. जंतू सुटे फिरत नाहीत, नळीच्या भिंतीला चिकटून चिकट थरात वस्ती करून राहतात, हे त्यांत दिसलं. म्हणून नुसतं औषध ओतून भागत नाही. नळी घासून, सोडियम हायपोक्लोराइटनं वारंवार धुऊन हा थर सोडवावा लागतो. रूट कॅनालच्या वेळी दाताभोवती रबराचा पडदा लावतात, तो न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ मध्ये दात कोरडा ठेवण्यासाठी काढला होता. त्याचं खरं काम लाळ, म्हणजे तिच्यातले जंतू, बाहेर ठेवणं आहे. ते कळायला शंभर वर्षं लागली. पडदा न लावता रूट कॅनाल करणारे दवाखाने आजही आहेत, आणि रुग्णानं त्याबद्दल विचारायला अजिबात संकोच करू नये.

मुळाचा संसर्ग किरकोळ मानायचं मात्र कारण नाही. खालच्या दाढेचा पू जिभेखाली आणि गळ्यात उतरला तर श्वास अडून माणूस दगावू शकतो. आणि तोंडाचा हृदयाशी, मधुमेहाशी संबंध आहे का, हा प्रश्न १९८९ च्या फिनलंडमधल्या अभ्यासानंतर पुन्हा उभा राहिला आहे. फरक इतकाच, की आता तो तुलनेचे गट घेऊन, आकडे तपासून विचारला जातो. वेस्टन प्राइस यांचे ससे मात्र अजून इंटरनेटवर फिरतात, रूट कॅनालनं कर्करोग होतो असं सांगत. त्या दाव्याला आधार नाही, आणि त्यापायी वाचू शकणारे दात आजही काढले जातात.

उपचार संपल्यावरही जंतूंची वाट बंद ठेवावी लागते. फिलाडेल्फियाच्या रे आणि ट्रोप यांनी १९९५ मध्ये रूट कॅनाल झालेल्या १०१० दातांचे क्ष-किरण पाहिले. नळी नीट भरलेली आणि वरचं भरणही नीट, अशा ९१ टक्के दातांच्या मुळाशी सावली नव्हती. दोन्ही कच्चं होतं तिथे हा आकडा १८ वर आला. नळी उत्तम भरली, पण वरचं भरण गळकं, अशा दातांत ४४ टक्केच मुळं स्वच्छ होती. नळी सुमार भरूनही वरचं भरण घट्ट, तिथे ६८ टक्के. पुढच्या अभ्यासांनी दोन्ही बाजू सारख्याच महत्त्वाच्या ठरवल्या. ठणका थांबला म्हणून तात्पुरत्या सिमेंटवर महिनोन्महिने काढणाऱ्या, टोपी बसवायला परत न जाणाऱ्या रुग्णाच्या दातात जंतू त्याच वाटेनं पुन्हा उतरतात, आणि तोच दात पुन्हा उघडावा लागतो.